कान लावून

आधी रानवाल्याला विचारायचं.
लगमाण्णा म्हणाला, रताळी काढून झाल्यात,
जोंधळा टाकीपर्यंत वीस-एक दिवस मोकळंच हाय, फिर की.
पण काय घावलं तर दाखव गा.
दाखवीन म्हटलं.
तेवढ्यावर सुरू झालं.

मशीन जुनं. खानापुरात एकजण
पुरलेले पाइप शोधायचा, त्याच्याकडून घेतलं.
काठीच्या टोकाला थाळीएवढं चाक,
वर एक बटण, आणि कानाला लावायचे डबडे.
डावा कान माझा उद्यमबागेतच राहिला,
ग्राइंडरपाशी, बत्तीस वर्षांत थोडा थोडा.
उजव्यानं ऐकतो.

पहिल्या दिवशी अख्खं रान ओरडलं.
तांबडी माती, तिच्या अंगातच लोखंड,
मशीनला काय कळणार.
चाक वर, खाली, वर, खाली,
बटण हळूहळू पिळत राहायचं
खांद्यावरच्या रडक्या पोराला थोपटावं तसं,
माती गप्प होईतोवर.
मग जे मातीचं नाही तेवढंच बोलतं.

आणि झाडल्यासारखं फिरवायचं नाही.
सारवल्यासारखं.
हे मला आठ दिवसांनी कळलं.

आठ दिवसांत: खिळे. सोड्याच्या बाटलीची झाकणं.
गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पाठ.
फाळाचं मोडकं टोक.
बैलाची एक पत्री, झिजून नखाएवढी.
वीस पैसे, सहा कोनांचे, इतके हलके
की तळहाताला पत्ताच लागला नाही.
सगळं लगमाण्णाला दाखवलं.
फाळाचं टोक त्यानं ओळखलं, ठेवून घेतलं.

गावात मात्र गुप्तधनच झालं.
एका रात्री निपाणीकडचा कोणी दारात,
पिशवीत लिंबू, तोंडात निम्मे-निम्मे.
म्हटलं, हे आठ बोटं खालचंच ऐकतं हो,
तुमच्या पणज्यानं काय आठ बोटांवर पुरलं?
आणि सापडलंच तर आधी सरकारला कळवायचं असतंय.
सरकार म्हटल्यावर लिंबू परत पिशवीत गेलं.
देवळाकडं, कोटाकडं मी मशीन नेतच नाही.
तिथली माती ऐकायचा हक्क माझा नव्हे.

निंगव्वा बांधावरून विचारायची,
"येन सिक्तरी?"
कब्बिणा, मी म्हणायचा. लोखंड.
दहाव्या दिवशी ती बांध उतरून आली.
नऊ वर्षांमागं इथंच, वेल ओढताना
पायातलं जोडवं गेलं होतं तिचं.
नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.
गुपचूप दुसरं करून घातलं, जरासं जाड.
त्याच्या लक्षातच आलं नाही म्हणाली,
आणि तेच तिला जोडव्यापेक्षा जास्त लागलेलं दिसलं.

विहिरीपासून तिसरी सरी, ती म्हणाली.
सारवत गेलो.
लोखंड कण्हल्यासारखं बोलतं, खालच्या सुरात.
चांदी तशी नाही. चांदी दचकते.
सरीच्या मध्यावर काहीतरी दचकलं.
गुडघ्यावर बसलो, खुरप्यानं चौकोन कापला,
ढेकूळ बाजूला काढलं, बोटांनी फोडलं.
निंगव्वा वाकली होती, श्वास धरून.
तंबाखूच्या पुडीचा चांदीकागद.
चोळामोळा, गोल.
ती एवढी हसली की तिची शेळी सुटून बांध ओलांडून गेली.

खड्डा बुजवायचा. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
जन्मभर वाळू ठोकून साचे केले,
पोकळी सोडायची, तीत तापलेलं लोखंड ओतायचं.
आता गार लोखंड काढतो, पोकळी भरतो.
ढेकूळ होतं तसं बसवून
टाचेनं दोनदा दाबलं.
हाताला अजून माप आहे.

लगमाण्णानं काल बी आणून ठेवलं.
दोन दिवस उरलेत.
निंगव्वा म्हणते, तिसरी नसेल ती सरी,
पाचवी असेल,
तेव्हा विहीर एवढी जवळ नव्हती.